एकच अक्षर

किल्ली आत गेली, पण फिरेना. तिनं ती बाहेर काढली, बाहीला पुसली आणि पुन्हा घातली. कुलूप गेला महिनाभर कुरकुर करतच होतं. घरमालकाला दोनदा सांगून झालं होतं. खांद्यावरच्या पिशवीत प्रबंधाची कच्ची प्रत होती, तिच्या वजनानं खांदा अवघडला होता, आणि दुपारपासून डोक्यात चालू झालेली एक बेरीज अजून थांबत नव्हती. तिनं दार गुडघ्यानं जरा रेटलं, किल्ली किंचित वर उचलून फिरवून पाहिली, मनातल्या मनात कुलपाला दोन शिव्या घातल्या. तेवढ्यात दार आतूनच उघडलं. समोर ओल्या केसांचा, खांद्यावर टॉवेल टाकलेला एक गृहस्थ उभा होता.

"कोण हवंय?" त्यानं विचारलं.

"तुम्ही कोण?" ती म्हणाली. अगदी ठसक्यात. घरात घुसलेल्या माणसाला विचारावं तसं.

गृहस्थ भला होता. रागावला नाही. "हा सहावा मजला," तो म्हणाला. "तुम्ही सातव्यावरच्या ना? तुमच्या फेऱ्या ऐकू येतात वरून. बऱ्याच चालता तुम्ही."

त्याच्या खांद्यावरून तिनं आत पाहिलं. तीच खिडकी, त्याच जागी. स्वयंपाकघराकडे वळणारा तोच अरुंद बोळ, छताला तोच पिवळट पट्टा. फक्त सोफा भलत्याच भिंतीला, आणि जिथं तिची पुस्तकं असायला हवीत तिथं एक सायकल उभी. तिनं माफी मागितली, गृहस्थ "होतं असं" म्हणाला, दार लागलं. लिफ्टची वाट न बघता ती जिन्यानं निघाली. आधी हसू आलं. बाबांना सांगायला छान होतं हे; एवढी शिकलेली मुलगी आणि स्वतःचं घर ओळखता येईना. पण अर्ध्या जिन्यात हसू ओसरलं आणि त्याच्या जागी काहीतरी बोचायला लागलं. चूक झाली याचं तिला काही नव्हतं. पण दारासमोर उभी असताना तिला एका क्षणाचीही शंका आली नव्हती. कुलूप फिरत नव्हतं, तरी दोष कुलपाचा. का, तर बाकी सगळं जुळत होतं. दाराचा रंग, मूठ, पायपुसणं, बोळातला दिवा. सगळं जुळतंय, म्हणजे तेच आहे. हे वाक्य तिनं कुठंतरी वाचलं होतं. नाही, वाचलं नव्हतं. वाचता वाचता त्यावरून पुढं गेली होती. कुणीतरी ते लिहिलंच नव्हतं, नुसतं गृहीत धरलं होतं, आणि तिनंही धरलं होतं, तीन वर्षं. ती जिन्यातच खाली बसली. पिशवी मांडीवर घेतली, प्रत बाहेर काढली आणि तिच्या मार्गदर्शक बाईंची सिद्धता उघडली. चौथी ओळ.

बाईंचं प्रमेय वीस वर्षांपूर्वीचं. साध्या शब्दांत सांगायचं तर त्यात एवढंच होतं: एखाद्या कणाला आपण प्रयोगातून प्रश्न विचारतो आणि तो उत्तर देतो. ते उत्तर विचारायच्या आधीपासून त्याच्याजवळ तयार असतं का, खिशात घालून आणल्यासारखं, की विचारलं म्हणून तिथल्या तिथं तयार होतं? बाईंनी सिद्ध केलं होतं की तयार असूच शकत नाही. अडचण एवढीच की हे प्रश्न जोडीनं विचारावे लागत. पहिला प्रश्न दुसऱ्यासोबत विचारता येई, किंवा तिसऱ्यासोबत; तिन्ही एकदम विचारायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला बाईंनी एक अक्षर दिलं होतं, क. दुसऱ्यासोबत विचारला तरी क, तिसऱ्यासोबत विचारला तरी क. हजारो कणांना विचारून सरासरी काढली की ती दोन्हीकडे सारखीच येते, हे जगभरच्या प्रयोगशाळांत दिसलेलं होतं. म्हणून एकच अक्षर. पण सरासरी सारखी म्हणजे एकेका कणाचं उत्तरही सारखं, हे कुणी सांगितलं? दोन वर्गांचे सरासरी गुण सारखे आले म्हणून पहिल्या बाकावरच्या दोन्ही मुलांना सारखेच गुण पडले असं कुणी म्हणत नाही. चौथ्या ओळीत बाई तेच म्हणत होत्या. म्हणतही नव्हत्या, दोन ठिकाणी एकच अक्षर लिहून मोकळ्या झाल्या होत्या. आणि त्या ओळीवर पुढच्या सगळ्या ओळी उभ्या होत्या, त्या ओळींवर तिचा प्रबंध, आणि प्रबंधावर तिचं येऊ घातलेलं सगळं आयुष्य. जिन्यातून कुणीतरी भाजीच्या पिशव्या घेऊन वर चाललं होतं. "बरं वाटत नाही का?" असं विचारलं. ती म्हणाली, "नाही, बरी आहे," आणि पाय आखडून वाट दिली.

पायाचा अभ्यास, असं ती घरी सांगायची. भौतिकशास्त्राचा पाया. बाबा ड्रायव्हिंग स्कूल चालवत. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, जिवावर उदार होऊन शहरभर फिरत. मिश्रधातूंचं काम सोडून ती बाईंकडे चालली तेव्हा ते म्हणाले होते, "पाया घालून शंभर वर्षं झाली म्हणतेस. वर मजले चढले, लोक राहायला आले, पडदे लावून झाले. आणि तू आता पाया उकरायला निघालीस? वरचे लोक तुला हार घालणार आहेत का?" लहानपणापासून ते तिला वकीलबाई म्हणत, कारण तिला कशाचंही पहिलं उत्तर पटत नसे. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. शाळा सुटली की ती आईच्या दुकानात जाऊन बसे आणि गिऱ्हाईक नसलं की त्या उंच खुर्चीवर चढे. आई काचा बदलत विचारायची, "आता बरं दिसतंय, की मघाशी?" आणि ती हटकून विचारायची, "बरोबर उत्तर कोणतं?" आई म्हणायची, "बरोबर असं काही नाही. तुला काय दिसतं ते सांग." याचा तिला तेव्हा फार राग येई. तिला वाटे, काच तीच, अक्षरं तीच, डोळाही तोच. मग उत्तर आधीच ठरलेलं हवं. आई ते लपवून ठेवते.

कॉलेजात तोच राग जरा शहाणा झाला. अणूतल्या इलेक्ट्रॉनबद्दल तिनं विचारलं होतं, मोजायच्या आधी तो कुठं असतो. सरांनी फळ्याकडे तोंड करूनच सांगितलं, "हे विचारायचं नसतं. गणित येतं ना तुला? मग कर." वर्ग हसला, तीही हसली, आणि तिला गणित खरंच येत होतं. ते इतकं येत होतं की पुढं मिश्रधातूवाल्या सरांनी तिला आपणहून बोलावून घेतलं. दोन वर्षं ती वेगवेगळे धातू किती प्रमाणात मिसळले तर त्यांचं चुंबकत्व किती, हे संगणकावर काढत होती. काम चांगलं होतं. उत्तरं प्रयोगाशी जुळत, तिचं नाव छापून येई, पुढची नोकरी जवळजवळ हातात होती. पण संध्याकाळी इमारतीबाहेर पडताना तिला वाटायचं, आपण एका मोठ्या यंत्राचं बटण दाबायला छान शिकलोय आणि यंत्रात काय चाललंय हे विचारलं की सगळे घड्याळाकडे बघतात. मग एकदा पावती आणायला म्हणून तिसऱ्या मजल्यावर गेलेली असताना कोपऱ्यातल्या वर्गातून एका बाईचा आवाज ऐकू आला. आत पाचसहा टाळकी. बाई ठेंगणीशी, पायात कॅनव्हासचे बूट, केस कसेतरी बांधलेले. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि शेवटी तोच जुना प्रश्न विचारला, चारचौघांत पुन्हा हसं होणार हे धरूनच. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या ये. बघू." त्या इमारतीत इतक्या वर्षांत कुणाच्या तोंडून तिनं हे ऐकलं नव्हतं. मिश्रधातूवाले सर चांगले होते, त्यांनी तिला जाऊ दिलं, पण दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तिकडे नोकऱ्या नाहीत हो. बाई निवृत्त झाल्या की त्यांच्या दोन खोल्याही जाणार."

त्या दोन खोल्या मजल्याच्या टोकाला, जनित्राच्या शेजारी. जनित्र चालू झालं की टेबलावरचे कप थरथरत आणि बाई बोलता बोलता आवाज चढवत. जनित्र थांबलं तरी आवाज खाली आणायचं त्यांच्या लक्षात येत नसे. त्या शिकवत अशा नव्हत्या. त्या फळ्यावर काहीतरी लिहीत आणि म्हणत, "पाड." म्हणजे, हे खोटं आहे असं दाखव. पहिलं वर्षभर तिला काहीच पाडता आलं नाही. दुसऱ्या वर्षी ती बाईंच्या किरकोळ अटकळी पाडायला लागली, आणि दर वेळी बाई आपलंच खेळणं मोडल्यासारख्या क्षणभर हिरमुसत आणि मग फळा पुसत. पण प्रमेय वेगळं होतं. प्रमेय तिनं कधी पाडायला घेतलंच नाही. देवघरातल्या वस्तूसारखं ते वेगळं ठेवलं होतं. आता महिनाअखेरीला बाई निवृत्त होणार होत्या, त्यानिमित्तानं विभागानं दोन दिवसांची परिषद ठेवली होती, आणि पहिल्या दिवशी सकाळी तिनंच त्या प्रमेयाचा नवा विस्तार मांडायचा होता. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

जिन्यात बसल्याच्या दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या खोलीत गेली तेव्हा बाई खिडकीची काच पुसत होत्या. तिनं ठरवलेली प्रस्तावना केलीच नाही. "बाई, चौथ्या ओळीत दोन क आहेत," ती म्हणाली.

"मग?"

"ते एकच कशावरून?"

बाईंनी फडकं खिडकीत ठेवलं. खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. "सरासरी," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. जनित्र बंद होतं, आणि खोलीत इतकं शांत तिनं कधी अनुभवलं नव्हतं. बाईंचे ओठ हलत होते. त्या मनातल्या मनात ओळी उतरत होत्या, पहिली, दुसरी, तिसरी. चौथीला ओठ थांबले. तिला वाटलं आपण आत्ता काहीतरी बोलावं, गमतीचं, काहीही. "बघते," बाई शेवटी म्हणाल्या. पर्स घेतली आणि गेल्या. फडकं तसंच राहिलं.

त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. विभागप्रमुख तिला बोळात भेटले, "बाईंची तब्येत?" असं विचारलं, आणि तिनं "ठीक असेल" म्हटलं. घरी फोन लावायचं धाडस होईना. ती सातव्या मजल्यावर फेऱ्या मारत राहिली आणि मध्येच खालच्या गृहस्थाची आठवण होऊन पाय हलके टाकू लागली. प्रश्न काय होता? गप्प बसता आलं असतं. वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणखी वीस वर्षं आलं नसतं. बाई टाळ्या घेऊन घरी गेल्या असत्या आणि तिला नावापुढं पदवी लागली असती. पण हा विचार तिला मोहाचाही वाटेना. तो नुसता रिकामा वाटत होता, चावून चोथा झालेला. खरं भय वेगळंच होतं. आपण बाईंकडे आलो ते त्या 'माहीत नाही' म्हणाल्या म्हणून. आता त्यांना त्यांच्याच प्रमेयाबाबत ते म्हणायला लावलं, आणि ते त्यांना झेपलं नाही तर? मग या सगळ्याला पायाच नव्हता. ही कोटी तिच्या लक्षात आली आणि बऱ्याच दिवसांनी ती एकटीच मोठ्यानं हसली.

हसल्यामुळे असेल, किंवा चालून चालून पाय दुखले म्हणून असेल, ती टेबलाशी बसली आणि प्रथमच प्रमेय पाडायचं सोडून वाचवायला घेतलं. एका क-चे दोन केले. दुसऱ्यासोबतचा क, तिसऱ्यासोबतचा क. सिद्धता लगेच कोसळली, जशी कोसळायला हवी होती. मग तिनं विचारलं, बरं, हे दोन क वेगळे असू शकतात. पण किती वेळा? कधीच वेगळे नसतील तर बाईंचं जुनं प्रमेय जसंच्या तसं. नेहमीच वेगळे असतील तर काहीच उरत नाही. मधे कुठंतरी एक रेघ हवी. इतक्या वेळा बदलले तर चालतं, त्याहून कमी बदलले तर निसर्गाशी जुळत नाही. असं असेल तर प्रमेय मेलेलं नाही. ते नुसतं 'नाही' म्हणत होतं, आता ते 'किती' हे सांगेल. हे सुचलं तेव्हा भर दुपार होती, खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं, आणि तिच्या अंगावर असा काटा आला की तिनं उठून पडदा ओढला, थंडी वाजत असल्यासारखा. दोन दिवस ती त्या रेघेच्या मागं होती. पाव खात होती, झोपत होती, आईचा फोन आला की "हो, हो" म्हणत होती. गणित सरळ नव्हतं. एकदा तर रेघ शून्यावरच येऊन बसली आणि तिनं पेन्सिल भिंतीवर फेकली. मग दिसलं की एका जागी तिनं स्वतःच दोन वेगळ्या गोष्टींना एकच खूण दिली होती. ती खूण खोडताना तिला बाईंची इतकी माया वाटली की डोळे भरून आले. किती सहज होतं हे. हात आपोआप करतो.

रेघ सापडली ती घेऊन ती विभागाच्या तळघरात गेली. तिथं लेझरच्या प्रयोगावर काम करणारा तिच्याच बरोबरीचा एकजण असे; वर्षातले निम्मे दिवस उजेड न पाहिल्यामुळे त्याला सगळे घुबड म्हणत, आणि तो ओ द्यायचा. 

"घुबडा, तुझी मागच्या वर्षीची मोजमापं आहेत ना? जोडीजोडीनं प्रश्न विचारलेली?"

"आहेत. पण त्यात काही निघालं नव्हतं. सरासऱ्या सगळ्या जुळल्या."

"जुळू देत. मला सरासऱ्या नकोत, जोड्यांचे आकडे हवेत."

त्यानं कुरकुरत आकडे काढून दिले. दोघं मिळून बसले. तळघरातल्या पंपांचा आवाज, निळसर दिवा, त्याच्या डब्यातली बिस्किटं. शेवटी तिच्या सूत्रातून जो आकडा आला तो तिनं तीनदा तपासला आणि मग घुबडानं आपल्या पद्धतीनं तपासला. उत्तरं आधीच तयार असतात असं ज्याला म्हणायचं असेल, त्याला हेही म्हणावं लागेल की नुसती सोबत बदलली म्हणून निदान नवातलं एक उत्तर बदलतं, आणि इतकं हुशारीनं बदलतं की सरासरीत पत्ता लागत नाही. घुबडानं बिस्किटांचा डबा बाजूला सारला. "म्हणजे हे वर्षभर माझ्याकडे पडून होतं?" तो म्हणाला. "मी तर काही निघालं नाही म्हणून पार्टी रद्द केली होती."

त्याच संध्याकाळी बाईंचा फोन आला. "घरी ये," एवढंच म्हणाल्या. ती गेली. बाई एकट्याच राहत; बैठकीच्या खोलीत फरशीवर कागद पसरले होते आणि बाई त्यांच्या मधोमध भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय लांब करून, बूट घातलेलेच. तिला वाटलं त्या थकलेल्या दिसतील. त्या उलट लहान दिसत होत्या.

"इतके दिवस मी तुला खोटं ठरवत होते," त्या म्हणाल्या. "सगळ्या बाजूंनी. जमलं नाही. बस."

ती कागद सरकवून बसली.

"तुला सांगते, मला राग कशाचा आला. चुकीचा नाही. हे छापून आलं तेव्हा लोकांनी पाठ थोपटली. मोठमोठ्यांनी. पुस्तकांत घेतलं. मला वाटायचं, लोकांना पटलंय म्हणून कुणी काही विचारत नाही." बाईंनी एक कागद उचलला आणि परत ठेवला. "कुणी वाचलंच नव्हतं ग. वीस वर्षं. चौथ्या ओळीपर्यंत कुणी आलंच नाही. तू आलीस."

तिनं पिशवीतून आपले कागद काढले आणि बाईंच्या हातात दिले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि वाचायला लागल्या. एका जागी त्यांनी हुंकार भरला, एका जागी मागचं पान पुन्हा उघडलं. बाहेरचा उजेड जाऊन दिवा लावावा लागला, तो तिनंच उठून लावला. शेवटच्या पानाशी बाई थांबल्या आणि मग हसायला लागल्या. आधी आवाज न करता, खांदे हलत, मग मोठ्यानं. "किती बदलतं ते विचारलंस," त्या म्हणाल्या. "मी नुसतं बदलतं की नाही यावर अडले होते. हे माझ्या त्यापेक्षा चांगलं आहे. बरंच चांगलं आहे."

"मग परिषदेत काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? सांगायचं. चूकही आणि हेही. मी पहिल्या रांगेत बसणार आणि ऐकणार."

"चूक तुम्ही सांगा ना, बाई."

"का? सापडली कुणाला?"

परिषदेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. बाईंचे जुने विद्यार्थी आले होते, बाहेरच्या विद्यापीठांतले लोक आले होते. ज्यांच्या पाठ्यपुस्तकातून ती हा विषय शिकली ते म्हातारे प्राध्यापक काठी टेकत येऊन मध्यभागी बसले होते, आणि त्यांच्या त्या पुस्तकात बाईंचं प्रमेय एका अख्ख्या प्रकरणात होतं. मागच्या रांगेत आई आणि बाबा होते, बाबा इस्त्रीच्या शर्टात अवघडून. बोलायला उभी राहिली तेव्हा आधी तिच्या हातून खडूच निसटला. तिनं तो उचलला आणि चौथी ओळ फळ्यावर लिहिली. दोन्ही क-भोवती गोल काढले. "या ओळीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती सिद्ध झालेली नाही," ती म्हणाली. सभागृहात खुर्च्या करकरल्या. कुणीतरी बाईंकडे मान वळवून पाहिलं. बाई कॅनव्हासच्या बुटांची पावलं एकावर एक टाकून स्वस्थ बसल्या होत्या, वर्गात पुढच्या बाकावरची मुलगी बसते तशा. त्यानंतर मात्र तिला कुणीच दिसेना. आवाज आपला आपण चालू झाला. हे शब्द इतक्या दिवसांत ती स्वतःशीच बोलली होती, जिन्यात, फेऱ्या मारताना, तळघरात. आता ते मोकळ्यावर आले तेव्हा ते चांगले अंगानं भरलेले दिसले. रेघ कुठून येते ते तिनं सांगितलं. घुबडाचे आकडे दाखवले. नवातून एक, ती म्हणाली आणि खडू खाली ठेवला, आणि त्या क्षणी तिला भीती वाटली नाही हे तिच्या फार नंतर लक्षात आलं.

पाठ्यपुस्तकवाले प्राध्यापक काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "म्हणजे माझं सातवं प्रकरण चुकलं?"

"अर्धं," ती म्हणाली. "अर्धं राहतं."

"कोणतं अर्धं?"

"नवी आवृत्ती काढणार असाल तर लिहून देते."

सभागृह हसलं, आणि त्या हसण्यात म्हाताऱ्यांचं हसू सगळ्यांत मोठं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बाईंनी हात वर केला. हसू थांबलं. बाई उभ्या राहिल्या. जनित्र इथं नव्हतं तरी त्यांचा आवाज चढलेलाच होता.

"तुम्ही म्हणता की सोबत बदलली की उत्तर बदलतं," त्या म्हणाल्या. "बरं. पण शेजारचा प्रश्न कोणता आहे हे त्या कणाला कळतं कसं? आणि इतकं सगळं बदलून सरासरी मात्र अचूक सांभाळायची, हे कोण बघतं? याचं तुमच्याकडे काय उत्तर आहे?"

प्रश्न खरा होता. बाईंनी तो सोपा करून दिला नव्हता, मुठीत काही लपवलेलंही नव्हतं. तीन वर्षं 'तू', 'ये', 'पाड' म्हणणाऱ्या बाई तिला भर सभेत तुम्ही म्हणत होत्या आणि उत्तराची वाट बघत होत्या, आणि त्यांना ते खरोखरच हवं होतं. तिनं फळ्याकडे पाहिलं. मग बाईंकडे.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण पंधरवड्यापूर्वी हा प्रश्न विचारताच येत नव्हता. आता येतो."

बाई बसल्या. आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली, दोन्ही हात उंच धरून, जरा जास्तच जोरात.

बाहेर चहाच्या टेबलांपाशी गर्दी होती. मिश्रधातूवाले सर तिचा हात हातात घेऊन मान हलवत उभे राहिले. घुबड उजेडात डोळे बारीक करून, मिळेल त्याला आपले आकडे समजावून सांगत होतं. पाठ्यपुस्तकवाल्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, नवं प्रकरण ती स्वतःच लिहील का, तिच्या नावानं. मग विभागप्रमुख कप सांभाळत आले आणि म्हणाले की त्या दोन खोल्यांचं काय करायचं यावर सकाळपर्यंत त्यांचं एक मत होतं, ते आता बदललं आहे. पायाभूत विषयाचा वर्ग पुढच्या सत्रापासून चालू ठेवायचा तर कुणीतरी लागेल, तोंडी परीक्षा तेवढी उरकून घ्या. ती "बरं" म्हणाली. तिला वाटलं होतं, असा क्षण आला तर आपण उड्या मारू. पण तिला फक्त खूप भूक लागली होती आणि समोरच्या प्रत्येक माणसाचा चेहरा विलक्षण स्पष्ट दिसत होता, एकेक सुरकुती, एकेक तीळ.

आई गर्दीतून वाट काढत आली. तिनं लेकीच्या गालावरचा खडू अंगठ्यानं पुसला. बाबा मागं उभे होते, हातात दोन कप घेऊन, कुणाला द्यायचे ते न सुचून.

"कळलं का काही?" तिनं विचारलं.

"विषय काही नाही कळला," आई म्हणाली. "एवढं कळलं की एवढ्या मोठ्या बाई तुला तुम्ही म्हणाल्या, आणि तू त्यांना माहीत नाही म्हणालीस, आणि दोघींनाही वाईट वाटलं नाही."

"उलट," ती म्हणाली.

बाबांनी घसा खाकरला. "तो प्रश्न," ते म्हणाले, "शेजारी कोण बसलंय हे त्याला कळतं कसं, तो. मी मघापासून विचार करतोय." त्यांनी दोन्ही कप टेबलावर ठेवून दिले, हात मोकळे करून घेतले आणि तिच्याजवळ सरकले. "मला जरा नीट सांग बघू. पहिल्यापासून."

तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.